ओटीपोटाची सोनोग्राफी: मुलींच्या आणि स्त्रियांच्या कमी आढळणाऱ्या आजारांत ती कुठे कामाला येते, कुठे चकवते

फायब्रॉइड, बीजकोशातली साधी गाठ आणि गर्भधारणा या तिन्हींसाठी सोनोग्राफी किती चांगली आहे हे सांगायला नवे परीक्षण नको. इथे तिची पारख वेगळ्या कामावर केली आहे: हजारांत किंवा पाच हजारांत एखादीला होणारे, म्हणूनच वर्षानुवर्षे ‘पाळीचा त्रास’ किंवा ‘पीसीओडी’ या नावाखाली दडून राहणारे आजार. मशीन, तपासणारा डॉक्टर, चिठ्ठी आणि रिपोर्ट हे सगळे मिळून ही सेवा होते. त्यात मशीन क्वचितच कमी पडते. कमी पडते ती चिठ्ठी.

‘यूएसजी पेल्विस’ एवढेच लिहिलेली चिठ्ठी घेऊन मुलगी आत गेली, तर सोनोलॉजिस्ट गर्भाशयाचे माप घेतो, दोन्ही बीजकोश पाहतो, अस्तराची जाडी लिहितो आणि पुढच्या पेशंटला बोलावतो. दुर्मिळ आजार मुद्दाम शोधावे लागतात, आणि काय शोधायचे हे चिठ्ठीने सांगावे लागते. चिठ्ठीवर वय, पाळी सुरू झाली का आणि कधी, शेवटच्या पाळीची तारीख, स्तनांची वाढ झाली आहे का, दुखणे दर महिन्याला ठरावीक दिवसांत येते का, आधीचे एखादे ऑपरेशन, आणि लहानपणी किडनीबद्दल कुणी काही सांगितले होते का, एवढे हवेच. शेवटी एक प्रश्न: ‘योनिमार्गात रक्त साठले आहे का? दोन्ही किडन्या पाहाव्यात.’ या एका ओळीने रिपोर्टचा दर्जा बदलतो. चिठ्ठी लिहिणाऱ्या डॉक्टरांना वेळ नसेल तर आईने किंवा मुलीने या गोष्टी कागदावर लिहून न्याव्यात आणि टेबलावर झोपण्याआधी हातात द्याव्यात.

तयारीबद्दल थोडे, कारण अर्धवट तयारीमुळे तपासणी वाया जाते. पोटावरून करायच्या सोनोग्राफीसाठी मूत्राशय भरलेले लागते, कारण त्यातल्या पाण्यातून ध्वनिलहरी सहज जातात आणि आतडी बाजूला सरकतात. तासभर आधी चार-पाच ग्लास पाणी पुरते. लहान मुलीला त्याहून कमी. मूत्राशय फुटेल इतके भरले तर गर्भाशय मागे दाबले जाते, माप चुकते आणि मुलगी कळवळते. ज्यांचा शरीरसंबंध आलेला नाही त्यांची योनीतून सोनोग्राफी करत नाहीत. पोटावरून नीट दिसले नाही, तर बाहेरून योनीमुखाच्या त्वचेवर प्रोब (सोनोग्राफीचा हातात धरायचा भाग) ठेवून खालचा भाग पाहता येतो, आणि अडथळा किती खोल आहे हे मोजायला हा मार्ग उत्तम आहे. तो फार कमी ठिकाणी सुचवला जातो, म्हणून विचारून घ्यावा. पाळी चुकली असेल किंवा रक्तस्राव विचित्र असेल तर आधी लघवीची गर्भचाचणी, वय कितीही असो, आणि तो प्रश्न मुलीला एकटीला, घरचे बाहेर असताना विचारावा.

आता कामगिरी. साठलेले रक्त शोधण्यात सोनोग्राफीला पैकीच्या पैकी गुण द्यावे लागतील. तेरा-चौदा वर्षांची मुलगी, स्तनांची वाढ पूर्ण, पाळी अजून नाही, पण दर महिन्याला तीन-चार दिवस ओटीपोट दुखते, कधी कंबर, कधी लघवी तुंबते. शाळेतून घरी पाठवतात, लघवीच्या संसर्गाची औषधे दिली जातात, एखादीच्या अपेंडिक्सचीही शंका घेतली जाते. इथे मूत्राशयाच्या मागे मोठी, आत बारीक कणांचा धूर भरल्यासारखी दिसणारी पोकळी मिळते. तो योनिमार्गात साठलेला पाळीचा जुना रक्तसाठा. गर्भाशय त्या पोकळीच्या वर टोपीसारखे बसलेले दिसते. हे नाते पाहिले नाही तर रिपोर्टवर ‘बीजकोशाची मोठी गाठ’ असे लिहिले जाते आणि मुलगी चुकीच्या ऑपरेशनच्या वाटेला लागते. म्हणून अशा कोणत्याही ‘गाठी’च्या रिपोर्टमध्ये दोन्ही बीजकोश वेगळे दिसले का, हे पहिले शोधावे.

याच्या मागे बहुतेक वेळा योनिपटलाला जन्मतःच छिद्र नसणे हे कारण असते. साधारण हजार ते दोन हजार मुलींत एकीला हे असते. पाय बाजूला घेऊन नुसते पाहिले तरी निळसर फुगवटा दिसतो आणि खोकल्यावर तो पुढे येतो. ऑपरेशन छोटे असते. पण फुगवटा निळा नसेल, गुलाबी असेल किंवा दिसतच नसेल, तर अडथळा वर असतो: योनिमार्गाचा आडवा पडदा किंवा योनिमार्गाचा खालचा भागच तयार न होणे. हा दुसरा प्रकार पहिला समजून कापला तर मागे आकसलेला व्रण राहतो आणि पुढची दुरुस्ती फार अवघड होते. म्हणून पडद्याची जाडी आणि योनीमुखापासूनचे अंतर एमआरआयवर मोजल्याशिवाय चाकू लावू नये. तोपर्यंत पाळी थांबवायच्या गोळ्या आणि वेदनाशामक पुरेसे होतात. ‘तात्पुरता आराम’ म्हणून सुई घालून रक्त काढणे मात्र टाळावेच. साठलेल्या रक्तात जंतू गेले की पू होतो, आणि पोकळी रिकामी झाल्यामुळे एमआरआयवर मोजमाप करायला आधारही उरत नाही.

या गटातला सर्वांत जास्त निसटणारा आजार म्हणजे दुहेरी गर्भाशय, त्यातल्या एका बाजूचा योनिमार्ग बंद आणि त्याच बाजूची किडनी नसणे. हे तिन्ही एकत्र येतात, उजव्या बाजूला जास्त. तज्ज्ञ याला ‘ओहविरा’ म्हणतात. इथे पाळी दर महिन्याला व्यवस्थित येते, कारण दुसरी बाजू उघडी असते. त्यामुळे कुणालाच अडथळ्याचा संशय येत नाही. दुखणे मात्र दर पाळीला वाढत जाते, पाळी संपल्यावरही राहते. हार्मोनच्या गोळ्या सुरू केल्या की दुखणे दबते आणि निदान आणखी लांबते. बंद पडद्याला बारीक छिद्र असेल तर दोन पाळ्यांच्या मध्ये घाण वासाचा तपकिरी स्राव जातो आणि संसर्गाची औषधे चालू राहतात. सोनोग्राफीत हे सापडते, पण प्रोब वर किडनीपर्यंत नेला तरच. एक किडनी नाही, पाळीला असह्य दुखते आणि एका बाजूला पोकळी दिसते, एवढ्यावर निदान जवळजवळ झालेच. उपाय मधला पडदा काढून टाकण्याचा आहे. त्या बाजूचे गर्भाशय काढायची गरज सहसा पडत नाही, आणि गर्भधारणेची शक्यता चांगली राहते.

यातून एक गोष्ट घरोघरी पोहोचायला हवी. गर्भात असताना किंवा लहानपणी ज्या मुलीला एकच किडनी आहे असे कळले, तिच्या फाइलवर ते ठळक लिहून ठेवावे आणि स्तनांची वाढ सुरू झाल्यावर, पाळी येण्याच्या आधी एकदा गर्भाशयाची सोनोग्राफी करावी. किडनी आणि जननमार्ग गर्भात शेजारी-शेजारी, एकमेकांच्या आधाराने तयार होतात. एकात उणीव राहिली की दुसऱ्यात राहण्याची शक्यता वाढते. किडनीचे डॉक्टर किडनी पाहतात, स्त्रीरोगतज्ज्ञ गर्भाशय पाहतात, आणि ही जोडणी कुणाच्याच वाट्याला येत नाही.

आता जिथे ही तपासणी सर्वांत वाईट चुकते ते. रिपोर्टवरचे वाक्य: ‘गर्भाशय दिसून आले नाही.’ वयात न आलेल्या मुलीचे गर्भाशय अडीच ते चार सेंटिमीटर लांब, सेंटिमीटरभरही जाड नसलेले, नळीसारखे असते. त्यात मानेचा भाग मुख्य भागाइतका किंवा त्याहून मोठा असतो. अस्तराची रेघ दिसत नाही. मोठ्या बाईच्या गर्भाशयाच्या चित्राची सवय असलेल्या नजरेला ते सापडत नाही. नवजात मुलीचे गर्भाशय उलट मोठे दिसते, कारण आईचे इस्ट्रोजेन (स्त्री-हार्मोन) तिच्या रक्तात असते, आणि नंतर ते लहान होते. ज्या मुलीला स्वतःचे इस्ट्रोजेन मिळालेच नाही, तिचे गर्भाशय सोळाव्या वर्षीही तितकेच बारीक राहते. अशा मुलीला ‘गर्भाशयच नाही’ असे सांगणे हा कुटुंबावर कोसळणारा घाव आहे, आणि तो अनेकदा खोटा ठरतो. इस्ट्रोजेन सुरू केल्यावर काही महिन्यांत तेच गर्भाशय स्पष्ट दिसू लागते. म्हणून स्तनांची वाढ नसलेल्या मुलीत हे वाक्य आले, तर ते निदान मानू नये.

पाळीची वाट किती पाहायची? तेराव्या वर्षापर्यंत स्तनांची वाढ सुरूच झाली नाही, पंधरापर्यंत पाळी आली नाही, किंवा वाढ सुरू होऊन तीन वर्षे झाली तरी पाळी नाही, या तिन्हींपैकी एक असेल तर तपासणी सुरू करावी. ‘आमच्या घरात सगळ्यांना उशिराच येते’ हे ऐकून थांबू नये. मग सोनोग्राफीचा अर्थ स्तनांच्या वाढीशी आणि रक्ततपासणीशी जुळवून लावायचा असतो, एकटीचा नाही.

स्तन विकसित, काखेत आणि जांघेत केस नेहमीसारखे, पण गर्भाशय नाही: बहुधा एमआरकेएच, म्हणजे गर्भाशय आणि योनिमार्गाचा वरचा भाग जन्मतः तयार न होणे. साधारण पाच हजार मुलींत एकीला. बीजकोश नीट काम करतात, गुणसूत्रे ४६ एक्सएक्स. गर्भाशयाच्या जागी दोन बाजूंना लहान कळ्यांसारखे अवशेष असू शकतात आणि त्यांत अस्तर असेल तर महिन्याला दुखते, म्हणून एमआरआय करावा. साधारण तीनांत एकीला किडनीत काही फरक असतो, मणक्यांतही असू शकतो.

स्तन विकसित, केस विरळ किंवा नाहीतच, गर्भाशय नाही: टेस्टोस्टेरॉन मोजा. ते पुरुषांच्या पातळीवर असेल तर गुणसूत्रे ४६ एक्सवाय निघतात. शरीर अँड्रोजेनला (टेस्टोस्टेरॉनसारख्या पुरुषी हार्मोनना) दादच देत नाही. या मुलींत पोटात किंवा जांघेत वृषणे असतात. लहान मुलीला दोन्ही जांघांत हर्निया आढळला की सर्जनने ही शक्यता मनात ठेवून पिशवीत काय आहे ते पाहायला हवे. त्या ग्रंथी काढण्याची घाई नसते. वयात येण्याआधी कर्करोगाचा धोका कमी असतो, आणि त्या ठेवल्या तर वाढ नैसर्गिक होते. काढायच्या का आणि कधी हा निर्णय त्या मुलीला समज आल्यावर तिच्याशी बोलून घ्यायचा.

स्तनांची वाढ नाही, गर्भाशय बारीक पण आहे, एफएसएच (बीजकोशाला कामाला लावणारे पिट्युटरीचे हार्मोन) खूप वाढलेले: गुणसूत्र तपासणी लगेच. उंची कमी असेल तर टर्नर (एक एक्स गुणसूत्र पूर्ण किंवा अंशतः नसणे), दोन ते अडीच हजार मुलींत एकीला. प्रयोगशाळेला किमान ३० पेशी मोजायला सांगावे, कारण अनेकींत फक्त काही पेशींत बदल असतो आणि कमी पेशी मोजल्या तर तो हुकतो. निदान झाल्यावर हृदयाचा इको आणि किडनीची सोनोग्राफी त्याच आठवड्यात लिहून द्यावी. महाधमनीचा दोष नजरेआड राहणे जिवावर बेतू शकते. उंची चांगली आणि गुणसूत्रे ४६ एक्सवाय निघाली तर स्वायर, म्हणजे ग्रंथी घडल्याच नाहीत. इथे अँड्रोजेनला दाद न देणाऱ्या वरच्या प्रकाराच्या अगदी उलट वागायचे. पट्टीसारख्या राहिलेल्या ग्रंथींत गाठ होण्याचा धोका मोठा असतो, म्हणून निदान होताच त्या काढतात. गर्भाशय मात्र असते, आणि दान केलेल्या बीजांडाने गर्भधारणा होऊ शकते. दोन्हींची गुणसूत्रे एकच, पण सल्ला अगदी विरुद्ध. हा फरक केवळ सोनोग्राफीवर कधीच ठरत नाही.

एफएसएच कमी असेल तर मेंदूतल्या पिट्युटरीकडे, थायरॉइडकडे, प्रोलॅक्टिनकडे, वजन घटण्याकडे आणि अतिव्यायामाकडे पाहावे. वास येत नाही का, हेही विचारावे. वास न येणे आणि वयात न येणे हे एकत्र असले की कालमन सिंड्रोमचा विचार करतात. हा प्रश्न विचारायला अर्धा मिनिट लागतो.

यानंतर ‘पीसीओडी’ हा शब्द. रिपोर्टवर तो इतक्या सहज छापला जातो की त्याने कितीतरी दुसरी निदाने झाकली आहेत. पाळी सुरू झाल्यावर पहिली काही वर्षे बीजकोशात पुष्कळ फॉलिकल (बीजांडाच्या लहान पिशव्या) असणे हे नैसर्गिक आहे. २०१८ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी पाळी सुरू होऊन आठ वर्षे होईपर्यंत सोनोग्राफीवरून हे निदान करू नये असे सांगितले. २०२३ च्या आवृत्तीत किशोरवयीन मुलींसाठी एएमएचची (फॉलिकलमधून येणाऱ्या हार्मोनची) तपासणीही त्यासाठी नको असे म्हटले आहे. तेव्हा सोळा वर्षांच्या मुलीच्या रिपोर्टवर हा शब्द असेल तर त्याला निदानाचे वजन देऊ नका. त्या वयात निदान टिकते ते दोन गोष्टींवर: अनियमित पाळी आणि अँड्रोजेन वाढल्याची खूण. अनियमित कशाला म्हणायचे, तेही वर्षांप्रमाणे बदलते. पहिले वर्ष अनियमितता चालते. एक ते तीन वर्षांत २१ दिवसांहून कमी किंवा ४५ हून जास्त अंतर, तीन वर्षांनंतर २१ हून कमी किंवा ३५ हून जास्त. पहिल्या वर्षानंतर एकही पाळी ९० दिवसांहून लांबली तर तपासावे.

लव, मुरमे, अनियमित पाळी असलेल्या मुलीत पीसीओएस (पीसीओडीचेच दुसरे नाव) म्हणण्याआधी १७-हायड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन हे हार्मोन एकदा मोजायलाच हवे. सकाळी लवकर, पाळीच्या पहिल्या काही दिवसांत. २०० नॅनोग्रॅम प्रति डेसिलीटरच्या खाली असेल तर उशिरा प्रकटणारा अॅड्रिनल (किडनीवरच्या ग्रंथीचा) दोष बहुधा नाही. वर असेल तर एसीटीएच (अॅड्रिनलला चेतवणारे हार्मोन) देऊन पुन्हा मोजतात आणि १००० च्या वर गेले की निदान पक्के. दुपारी, पाळीच्या उत्तरार्धात घेतलेला नमुना खोटा वाढलेला किंवा खोटा कमी येतो आणि मग सगळा गोंधळ. गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना अँड्रोजेनचे आकडे दबतात. त्या बंद करून तीन महिने थांबता येत असेल तर थांबावे. केस गळतात म्हणून बायोटिन हे जीवनसत्त्व चालू असेल तर रक्त देण्याआधी किमान दोन-तीन दिवस बंद ठेवावे आणि प्रयोगशाळेला सांगावे. अनेक मशीनवर त्याने टेस्टोस्टेरॉन आणि इस्ट्रॅडिओल खोटे वाढलेले तर टीएसएच खोटे कमी दिसते. ज्या मुलीला या तपासण्या लागतात तीच बायोटिन घेत असते, आणि हे तिला कुणी विचारत नाही.

लव काही महिन्यांत झपाट्याने वाढली, आवाज घोगरा झाला, टाळूवरचे केस गेले, क्लिटोरिस मोठे झाले, तर ही पीसीओएसची चाल नव्हे. टेस्टोस्टेरॉन १५० ते २०० नॅनोग्रॅम प्रति डेसिलीटरच्या वर किंवा डीएचईएएस (अॅड्रिनलचे अँड्रोजेन) ७०० मायक्रोग्रॅम प्रति डेसिलीटरच्या वर असेल तर बीजकोशातली किंवा अॅड्रिनलमधली गाठ शोधावी लागते. बीजकोशातली अशी गाठ दोन सेंटिमीटरचीही असू शकते आणि सोनोग्राफीत ती निसटते. आकडा मोठा आणि चित्र साफ असेल तर आकड्यावर विश्वास ठेवून एमआरआयकडे जावे.

बीजकोशाला पीळ बसणे हे अगदीच दुर्मिळ नाही, पण लहान मुलीत तिकडे लक्षच जात नाही. अचानक एका बाजूला तीव्र दुखणे, त्याबरोबर उलट्या, मध्येच थोडे कमी होणे आणि पुन्हा येणे. सोनोग्राफीत दुसऱ्या बाजूपेक्षा बराच सुजलेला बीजकोश, कडेला सरकलेली फॉलिकल, कधी गुंडाळलेल्या रक्तवाहिन्यांचा भोवरा. इथली ठरलेली चूक डॉप्लरची, म्हणजे रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीची: ‘रक्तप्रवाह आहे, म्हणजे पीळ नाही.’ बीजकोशाला दोन बाजूंनी रक्त येते आणि पीळ अर्धवट असू शकतो, त्यामुळे प्रवाह दिसत असतानाही पीळ असतो. लक्षणे पक्की असतील तर डॉप्लर सामान्य आला म्हणून मुलीला घरी पाठवू नये. दुर्बिणीतून पीळ सोडवावा. काळानिळा दिसणारा बीजकोश बहुतेक वेळा सावरतो, म्हणून रंग पाहून तो काढू नये. परवानगीच्या कागदावर सही करण्याआधी पालकांनी हा प्रश्न सर्जनला स्पष्ट विचारावा.

मुलींतल्या घट्ट गाठींसाठी नुसते सीए-१२५ (गाठीची खूण म्हणून रक्तात पाहतात ते प्रथिन) मागवणे निरुपयोगी आहे. ते पाळीत, एंडोमेट्रिओसिसमध्ये (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढणे), पोटाच्या क्षयरोगातही वाढते. या वयातल्या गाठी बहुधा बीजपेशींच्या असतात, तेव्हा एएफपी, बीटा एचसीजी आणि एलडीएच या रक्ततपासण्या हव्यात, आणि वेळेआधी स्तनांची वाढ किंवा रक्तस्राव असेल तर इनहिबिन बी आणि इस्ट्रॅडिओल. एएफपी पहिल्या वर्षात नैसर्गिकच जास्त असते, त्यामुळे बाळाचा आकडा मोठ्यांच्या तक्त्यावर वाचू नये. नमुन्यातल्या रक्तपेशी फुटल्या असतील तर एलडीएच खोटे वाढते. अशा गाठीत सुई घालू नये, कारण गाठ फुटली की आजाराची पायरी बदलते.

या गटात एक आजार मुद्दाम सांगायला हवा, कारण तो ओळखला तर ऑपरेशन टळते. मुलीच्या दोन्ही बीजकोशांत मोठाल्या अनेक पाण्याच्या गाठी, वेळेआधी रक्तस्राव, पण उंची खुंटलेली, मुलगी सुस्त, त्वचा कोरडी. वेळेआधी वयात येणाऱ्या मुलींची हाडे वयापेक्षा पुढे असतात. इथे हाताच्या एक्स-रेत ती मागे असतात. कारण वर्षानुवर्षे उपचार न झालेला थायरॉइडचा अभाव. टीएसएच प्रचंड वाढलेले निघते, थायरॉक्सिन सुरू केल्यावर काही महिन्यांत गाठी विरतात. याला वॅन विक-ग्रुमबाख सिंड्रोम म्हणतात. म्हणून वयात न आलेल्या मुलीच्या बीजकोशाच्या कोणत्याही गाठीला हात लावण्याआधी एक टीएसएच. त्वचेवर कॉफीच्या रंगाचे मोठे, वेड्यावाकड्या कडांचे डाग असतील तर मॅक्यून-ऑलब्राइटचा विचार करावा. त्यातही बीजकोशातली गाठ येते-जाते आणि रक्तस्राव होतो.

काही तक्रारींत सोनोग्राफी लिहूनच देऊ नये, किमान सुरुवात तरी तिने करू नये. लहान मुलीला रक्तमिश्रित, घाण वासाचा स्राव असेल तर योनीत अडकलेला टॉयलेट पेपरचा तुकडा सोनोग्राफीत बहुधा दिसत नाही. भूल देऊन बारीक दुर्बिणीने पाहिले की दिसतो, आणि त्याच वेळी पाच वर्षांखालच्या मुलींत होणारी द्राक्षांच्या घोसासारखी कर्करोगाची गाठ नाही ना, हेही कळते. लघवीच्या जागी मधोमध भोक असलेली लाल कडी दिसली तर तो मूत्रमार्ग बाहेर आलेला असतो. हे नीट पाहिले की कळते, यंत्र लागत नाही.

बाहेरच्या त्वचेचा लायकेन स्क्लेरोसस तर वर्षानुवर्षे बुरशीचा संसर्ग समजून चुकीच्या मलमांवर ढकलला जातो. रात्री असह्य खाज, योनी आणि गुदद्वाराभोवती इंग्रजी आठच्या आकाराचा पांढरा, सिगारेटच्या कागदासारखा सुरकुतलेला पट्टा, त्यात रक्ताचे ठिपके. मुलींमध्ये हे ठिपके पाहून अत्याचाराचा संशय येतो. प्रश्न विचारायलाच हवेत, पण हा आजारही मनात असावा. मोठ्यांत क्लोबेटासोल ०.०५ टक्के मलम महिनाभर रोज रात्री, दुसऱ्या महिन्यात एकाआड एक रात्र, तिसऱ्यात आठवड्यातून दोनदा असे देतात. तीन महिन्यांना ३० ग्रॅमची नळी पुरते. स्टेरॉइडच्या भीतीने ते अर्ध्यावर सोडले जाते आणि तिथेच उपचार फसतो. उपचार न केलेल्या मोठ्या स्त्रियांत पाच टक्क्यांहून कमी जणींना तिथे कर्करोग होऊ शकतो, म्हणून न भरणारी जखम किंवा घट्ट गाठ दिसली की तुकडा काढून तपासावा.

पहिल्या पाळीपासूनच धो-धो रक्तस्राव, दर तासा-दोन तासाला पॅड बदलावा लागणे, सात दिवसांहून जास्त चालणे, दात काढल्यावर किंवा नाकातून रक्त न थांबण्याचा इतिहास: इथे गर्भाशयाची सोनोग्राफी सामान्यच येणार, कारण दोष रक्तात आहे. सीबीसी आणि फेरिटिनबरोबर व्हॉन विलब्रँड फॅक्टरचे (रक्त गोठायला लागणाऱ्या प्रथिनाचे) प्रमाण, त्याचे कार्य आणि फॅक्टर आठ मागवावे. ताण, ताप आणि इस्ट्रोजेन यांनी हे आकडे वर जातात, त्यामुळे शक्य असल्यास हार्मोनच्या गोळ्या सुरू करण्याआधी नमुना घ्यावा आणि एकदा सामान्य आल्यावर संशय दाट असेल तर पुन्हा तपासावे.

मोठ्या स्त्रियांसाठी दोनच मुद्दे. वारंवार गर्भपात होत असतील आणि रिपोर्टवर ‘दोन शिंगी गर्भाशय’ लिहिले असेल तर त्रिमितीय सोनोग्राफी करून गर्भाशयाचा बाहेरचा माथा पाहून घ्यावा, तेही पाळीच्या उत्तरार्धात, अस्तर जाड असताना. माथा सपाट किंवा गोल असेल तर तो आतला पडदा असतो आणि तो दुर्बिणीतून कापता येतो. माथ्यालाच खोल खाच असेल तर कापायचे काहीच नसते. साध्या द्विमितीय चित्रावर या दोघांत फरक करणे धोक्याचे. आणि तिशीच्या आतल्या बाईला असह्य पाळीदुखी असून एका बाजूला, गर्भाशयाला धरणाऱ्या गोल बंधाच्या मुळाशी रक्ताने भरलेली लहान पोकळी दिसत असेल, गर्भाशयाची मूळ पोकळी मात्र नीट असेल, तर ते फायब्रॉइड म्हणून सोडू नये. ही जन्मतः असलेली जास्तीची पोकळी असते आणि ती काढली की दुखणे जाते. एंडोमेट्रिओसिसचे वरवरचे डाग मात्र कोणत्याच चित्रात दिसत नाहीत. तिथे सामान्य रिपोर्ट पेशंटच्या दुखण्याला खोटे पाडू शकत नाही.

रिपोर्ट हातात आल्यावर घरी वाचताना पाहायचे ते हे: गर्भाशयाची लांबी आकड्यात आहे का, की फक्त ‘नॉर्मल साइज’ लिहिले आहे. दोन्ही बीजकोशांचे तिन्ही व्यास आणि आकारमान आहे का (तिन्ही व्यासांचा गुणाकार गुणिले ०.५२). काही दिसले नसेल तर ‘दिसले नाही’ लिहिले आहे की ‘नाही’ असे लिहिले आहे. या दोन शब्दांत मुलीचे आयुष्य अडकलेले असते, म्हणून शंका असेल तर सोनोलॉजिस्टना पुन्हा विचारावे. दुसऱ्या तज्ज्ञाकडे जाताना कागदाबरोबर चित्रांची फाइल मागून घ्यावी, कारण त्याला मापांपेक्षा चित्रे जास्त उपयोगी पडतात. किडन्यांचा उल्लेखच नसेल आणि मुलीला पाळीचे दुखणे किंवा पाळी न येणे ही तक्रार असेल, तर त्याच दिवशी परत जाऊन प्रोब वर नेऊन दोन्ही बाजू पाहायला सांगावे. त्याला दोन मिनिटे लागतात.